रंकाळ्याची फेरी आणि सोन्याचे वजन

हिवाळ्यातल्या पहाटे रंकाळ्यावर पाणी आणि आकाश यांच्यामधली रेघ दिसत नाही. टॉवरपाशी उभे राहून पलीकडे पाहिले, तर शालिनी पॅलेस नुसता छायेसारखा भासतो. संध्यामठाचा किती भाग पाण्याबाहेर आहे, यावरून जुनी माणसे चालता चालता यंदाच्या पाण्याचा अंदाज बांधतात. कोणे एके काळी येथे दगडाची खाण होती आणि अंबाबाईच्या देवळाचा दगड येथूनच गेला, असे कोल्हापुरात परंपरेने सांगितले जाते. आज मात्र या काठाला ओळख आहे ती फिरायला येणाऱ्यांची. कानटोपी घातलेले निवृत्त शिक्षक, गुडघ्याला पट्टा बांधून निघालेल्या आजी, तालमीतून घामाने निथळत आलेली पोरे आणि फेरीपेक्षा कठड्यावरच्या गप्पांतच अधिक रमणारी मंडळी, असा हा रोजचा मेळा असतो.

गेल्या काही वर्षांत या मेळ्यात चार पायांच्या फिरस्त्यांची भर पडली आहे. लॅब्राडोर, पग, पांढरेशुभ्र स्पिट्झ आणि घराघरांत वाढलेली गावठी कुत्री. वैद्यकी करणाऱ्या माणसाला चालणाऱ्यांकडे नुसते पाहता येत नाही. कोण कुठल्या पायावर भार देतो, कोणाला कितव्या पावलाला धाप लागते, हे नजर आपोआप टिपते. त्याच सवयीने या कुत्र्यांकडे पाहिले, की त्यांतली बरीच लठ्ठ आहेत हे लपत नाही. चालताना पाठ डुलते, पोट जमिनीकडे झुकते आणि पन्नास पावलांवर जीभ बाहेर येते. साखळीच्या दुसऱ्या टोकाला बहुधा साठी-सत्तरीचे गृहस्थ किंवा बाई असतात. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा त्याहून दूर. घरात दोन माणसे, कधी एकच, आणि हा एक मुका जीव.

याच मुलुखाचा स्वतःचा कुत्रा कसा असतो, ते आठवून पाहावे. मेंढपाळांच्या तांड्याबरोबर धावणारा कारवानी कुत्रा, ज्याला सीमेपलीकडच्या मुधोळ संस्थानच्या नावाने जग ओळखते, तो लांब पायांचा, आत गेलेल्या पोटाचा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा असतो. असा एखादा निरोगी कारवानी रंकाळ्यावर आला, की दोघे-तिघे तरी त्याच्या मालकाला हटकतात, “उपाशी ठेवता काय ओ त्याला?” आणि त्याच वेळी शेजारून धापा टाकत जाणाऱ्या लॅब्राडोरच्या पाठीवर थाप मारून म्हणतात, “काय तब्येत आहे!” तब्येत या शब्दाचा अर्थ आपण वजन असा करून ठेवला आहे. कोल्हापूर हे तर खुराकाचे गाव. गंगावेशीत म्हशीचे धारोष्ण दूध पेल्यात पिळून घ्यायचे, पैलवानाची थंडाई, रविवारचा तांबडा-पांढरा. खाऊ घालणे ही येथली माया दाखवायची पहिली रीत. ती रीत कुत्र्यापाशी येऊन थांबेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ.

मी माणसांचा डॉक्टर. कुत्र्याचे निदान आणि औषध हे पशुवैद्यकांचे क्षेत्र, त्यात मी लुडबुड करत नाही. परंतु कुत्र्याच्या लठ्ठपणाचा प्रश्न माझ्या दवाखान्यात वेगळ्याच दाराने आला. माझे एक जुने रुग्ण आहेत; गल्लीत सगळे त्यांना आबा म्हणतात, आपणही आबाच म्हणू. वय ७६. सारी नोकरी साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर वजने लिहिण्यात गेलेली. त्यांना मधुमेह आहे, आणि तो अनेक वर्षे रंकाळ्याच्या रोजच्या फेरीवर बऱ्यापैकी ताब्यात होता. पत्नीच्या निधनानंतर दीडएक वर्षाने त्यांची साखर वाढू लागली. गोळ्या वेळेवर, पथ्यही ठीक. मग फेरीची चौकशी केली. तेव्हा कळले, की फेरी आता टॉवरपासून दोनशे पावलांवर संपते; कारण तेथे सोन्या बसतो. सोन्या म्हणजे त्यांचा सात वर्षांचा लॅब्राडोर. तो बसला, की उठत नाही. त्याला सोडून आबा पुढे जात नाहीत. पूर्वी तो जिना चढून माडीवर, आजींच्या खोलीत झोपायला जाई. तेही बंद झाले होते.

“त्याचं वय झालं आता, माझ्यासारखंच,” आबा म्हणाले. सात वर्षे हे लॅब्राडोरचे म्हातारपण नव्हे. पशुवैद्यकांकडे तपासणी झाली. मागच्या पायांच्या सांध्यांवर भार आला होता. थायरॉईड ग्रंथीची मंदावलेली क्रिया किंवा अधिवृक्क ग्रंथीचा विकार यांमुळेही कुत्र्याचे वजन आणि पोट वाढते. तशी काही कारणे नाहीत, याची रक्ततपासणीने खात्री करून घेतली गेली. ही पायरी कोणी गाळू नये. पोट अचानक फुगले असेल, रात्री खोकला येत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा जीभ निळसर दिसत असेल, तर तो चरबीचा प्रश्न समजून घरगुती उपाय करत बसणे धोक्याचे आहे. सोन्याच्या बाबतीत निदान सरळ निघाले. खाणे अधिक, हालचाल कमी. सल्लाही सरळ होता, खाणे कमी करा. आबांनी तो ऐकला, मान डोलावली आणि दोन महिन्यांत सोन्या आणखी एक किलोने वाढला.

येथे थोडे थांबून, कुत्रा लठ्ठ आहे हे घरी कसे ओळखावे, ते सांगतो. वजनाचा आकडा एकटा पुरेसा नाही. आपला एक हात पालथा पसरावा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी पंजाच्या मागच्या हाडांवरून हलकेच फिरवावे. निरोगी कुत्र्याच्या बरगड्या इतक्या सहज हाताला लागल्या पाहिजेत. आता हात उताणा करून बोटांच्या मुळांशी मांसल भाग चाचपावा; बरगड्या अशा दबलेल्या लागत असतील, तर चरबी जास्त आहे. मूठ आवळल्यावर हाडे जशी टोचतात तशा त्या लागल्या, तर कुत्रा खरोखर अशक्त आहे. याखेरीज वरून पाहता बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसावी आणि बाजूने पाहता पोटाची रेघ मागे वर चढत जावी. स्पिट्झसारख्या केसाळ कुत्र्यात डोळे फसतात, तेथे हातावरच विश्वास ठेवावा. पशुवैद्यक ९ गुणांची एक पट्टी वापरतात. तीत ४ किंवा ५ म्हणजे उत्तम, आणि ५ च्या पुढचा प्रत्येक गुण म्हणजे साधारण १० टक्के अधिक वजन. सोन्याला ७ गुण मिळाले. आयुष्यात इतके गुण मिळून वाईट वाटलेला हा पहिलाच, असे आबा म्हणाले.

वजन करण्याची अडचण निराळीच होती. लहान कुत्र्याला कडेवर घेऊन घरच्या काट्यावर उभे राहता येते आणि आपले वजन वजा करता येते. हा उपाय सत्तरीच्या माणसाने मोठ्या कुत्र्यासाठी मुळीच करू नये. कंबरेची हाडे त्यासाठी नाहीत. मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत जमिनीलगतचा काटा असतो. परंतु आबांना स्वतःच्या ओळखीचाच काटा हवा होता. मार्केट यार्डात त्यांच्या स्नेह्यांचे गुळाचे दुकान आहे. तेथील काट्यावर, गुळाचे रवे ठेवतात तेथे, सोन्याला बसवले. ३८ किलो भरले. पशुवैद्यकांनी त्याचे योग्य वजन ३० किलोंच्या आसपास सांगितले होते. गुळाचा मोठा रवा ३० किलोंचा असतो. “म्हणजे सोन्याला एक रवा व्हायचंय,” आबा म्हणाले, “आणि वरचा आठ किलो गूळ तो पाठीवर घेऊन फिरतोय.” कितीही तक्ते दाखवून मला जे सांगता आले नसते, ते त्या काट्याने सांगितले.

हा आठ किलोंचा गूळ आला कोठून? मी आबांना एकच काम सांगितले. चार दिवस सोन्याच्या तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहायची. काय, किती, केव्हा आणि कोणी दिली. काट्यावरच्या माणसाने रकाने पाडून वही लिहिली, ती वाचण्यासारखी होती. सकाळी वाडगाभर दूध-चपाती, आबांच्या हातची. फेरीवर चहाच्या गाडीपाशी दोन बिस्किटे, गाडीवाल्याकडून. नऊ वाजता स्वयंपाकाच्या मावशींकडून एक गरम चपाती, “पहिली त्याचीच” म्हणून. दुपारी विकतचे कोरडे खाद्य, वाटीने. संध्याकाळी शाळेतून येणारी शेजारची मुले प्रत्येकी दोन-दोन बिस्किटे घालत. चौथ्या दिवशी वहीत एक ओळ वाढली होती, जी पहिल्या तीन दिवसांत नव्हती: रात्री साडेनऊ, दोन चपात्या दुधात, मी. आजी असताना घरी रात्री दोघांचा स्वयंपाक होई. त्या गेल्यावरही मावशींनी तितक्याच चपात्या करणे सुरू ठेवले, आबांनी कधी त्यांना कमी करा म्हटले नाही, आणि त्या दुसऱ्या ताटातले सोन्याकडे जाऊ लागले.

बेरीज केली. दिवसाच्या सहा चपात्या, तेल धरून, साधारण ६५० कॅलरी. म्हशीचे अर्धा लिटर दूध, ५०० च्या घरात. दहा ग्लुकोज बिस्किटे, प्रत्येकी सुमारे २५ प्रमाणे, २५०. कोरडे खाद्य शंभर ग्रॅम, ३५० च्या आसपास. सगळे मिळून १७५०. आता दुसरी बाजू. विश्रांतीच्या स्थितीत शरीराला लागणारी ऊर्जा काढायचे पशुवैद्यकांचे एक सूत्र आहे. त्यानुसार ३० किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ९०० कॅलरी लागतात, आणि वजन उतरवताना बहुधा याच आकड्यापासून, म्हणजे असलेल्या नव्हे तर हव्या असलेल्या वजनापासून, सुरुवात करतात. सोन्या जवळपास दुप्पट खात होता, आणि देणाऱ्या पाच हातांपैकी प्रत्येकाला वाटत होते, की आपण दिले ते अगदी थोडे.

माझ्या मते सारा प्रश्न येथे आहे. कुत्रा किती खातो, हे विचारण्यापेक्षा त्याला किती जण खाऊ घालतात, हे विचारावे. आणि या हातांना ‘देऊ नका’ सांगून भागत नाही. आबांना दोन महिने तेच सांगितले गेले होते. जो माणूस दिवसभर एकटा असतो, त्याच्याकडून कोणी काही मागावे आणि त्याने ते द्यावे, हा त्याच्या दिवसातला मोठा प्रसंग असतो. घरातल्या काळजीवाहकांनी, सुनेने वा मुलीने या देण्यावर चिडून बोलू नये. देणे तसेच ठेवावे, फक्त कोठून द्यायचे ते बदलावे.

आबांच्या घरी असे झाले. पशुवैद्यकांनी वजन उतरवण्यासाठी योजलेले संतुलित कोरडे खाद्य ठरवून दिले. साधे खाद्य फार कमी केले, तर प्रथिने आणि जीवनसत्त्वेही कमी पडतात. म्हणून हे वेगळे खाद्य. जुन्यावरून नव्यावर यायला आठ-दहा दिवस घेतले. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर २३० ग्रॅम मोजून ते झाकणाच्या एका डब्यात भरायचे. वाटीने मोजायचे नाही. वाटी प्रत्येकाच्या हाती वेगळी भरते. उरलेल्या ९० कॅलरींपुरती, म्हणजे एकूण खाण्याच्या दहाव्या भागाएवढी मोकळीक. त्यात मीठ-मसाला न घातलेली उकडलेली फरसबी, गाजराच्या चकत्या, काकडी, थोडा दुधी. मग ज्याला द्यायचे आहे त्याने या डब्यातूनच द्यायचे. मावशींची पहिली चपाती गेली, तिच्या जागी डब्यातली एक मूठ आली. तीही त्या त्याच वेळी, त्याच उंबऱ्यापाशी देतात. मुलांना गाजराच्या चकत्या मिळाल्या. चहाच्या गाडीवाल्याकडे आबांनी एक पुडी ठेवली. डबा रिकामा झाला, की दिवस संपला. आणि रात्री साडेनऊसाठी शेवटची मूठ राखून ठेवायची, हे आबांनी स्वतःच ठरवले. मावशींना त्यांनी दोन चपात्या कमी करायला सांगितले, तेव्हा मावशी पदराने डोळे पुसत आत गेल्या. या घरात दीड वर्षात न बोललेली गोष्ट बोलली गेली होती.

“तो असा बघत बसतो बघा, घास घशाखाली उतरत नाही,” ही तक्रार प्रत्येक घरात ऐकू येते. तिला शास्त्राचा आधार आहे. कुत्र्याच्या भुवईची आतली बाजू वर उचलणारा एक स्नायू लांडग्यांमध्ये जवळजवळ विकसित झालेला नसतो, कुत्र्यांत मात्र तो चांगला असतो, असे २०१९ मध्ये शरीररचनेच्या अभ्यासातून दाखवून देण्यात आले. हजारो वर्षे माणसाच्या ताटाशेजारी बसून आलेले हे भांडवल आहे. लॅब्राडोरची गोष्ट तर आणखी पुढची. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये असे दाखवले, की लॅब्राडोरांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्शात एका जनुकाचा छोटा तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे पोट भरल्याची जाणीव करून देणारी यंत्रणा नीट चालत नाही. त्यांची भूक खरीच असते. गरज तेवढी नसते. त्यांच्या डोळ्यांना उत्तर म्हणून जेवणाच्या वेळी कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवणे, जेवण दोन-तीन वेळांत विभागणे आणि खाद्य वाडग्याऐवजी चटईवर पसरून किंवा छिद्रांच्या चेंडूत भरून देणे, म्हणजे खायला वेळ लागतो, असे साधे मार्ग आहेत. नसबंदी झालेल्या कुत्र्याची ऊर्जेची गरज कमी होते, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर लगेचच त्याचे माप बदलून घ्यावे.

या सगळ्या खटाटोपाने काय मिळते, असे कोणी विचारेल. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४८ लॅब्राडोर पिल्ले एकाच वेताच्या जोड्यांनी घेतली होती. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणे आयुष्यभर दिले. कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे निघाले, तर भावंडांचे ११.२. सांधेदुखीचे उपचारही त्यांना उशिरा लागले. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षे थोडी नव्हेत, आणि ज्याचा दिवस त्या कुत्र्याच्या उठण्याने सुरू होतो, त्याच्या आयुष्यातही नव्हेत.

आता फेरीविषयी. लोकांना वाटते कुत्रा पळवला की वजन उतरेल. सोन्याएवढा कुत्रा एक किलोमीटर चालला, तर खर्च होणारी ऊर्जा दीड-दोन बिस्किटांत भरून निघते. वजन ताटाने उतरते; चालण्याने सांधे मोकळे राहतात, स्नायू टिकतात आणि मन रमते. म्हणून सुरुवात दहा-दहा मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्यांनी करावी. आबांनी रंकाळ्याचे टप्पे पाडले. टॉवरपासून पहिल्या बाकापर्यंत, मग दुसऱ्या; महिन्याभराने पद्माराजे उद्यानाच्या दिशेने. सोन्या बसला तर ओढायचे नाही, आपणही बाकावर बसायचे. कोल्हापूरच्या एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी ऊन उतरण्यापूर्वी लठ्ठ कुत्र्याला बाहेर काढू नये. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धापेनेच तो अंग निववतो. चरबीच्या थरात आणि पगसारख्या चपट्या नाकात ही सोय अपुरी पडते आणि उष्माघात होतो. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता आली नाही, तर तो रस्ता त्याच्या पावलांसाठीही तापलेला आहे. पोहणे हा सांध्यांना उत्तम व्यायाम, पण त्यासाठी कुत्रे रंकाळ्यात सोडू नये. या पाण्यावर हिरवी साय चढलेली कोल्हापूरकरांनी पाहिली आहे, आणि नील-हरित शैवालाचे विष कुत्र्याच्या यकृताला घातक असते.

साखळीच्या दुसऱ्या टोकाचीही काळजी घ्यायला हवी, हे मी डॉक्टर म्हणून अधिक आग्रहाने सांगेन. साखळीचे वेढे मनगटाला घेऊन चालणारे ज्येष्ठ नागरिक मी रोज पाहतो. समोरून भटका कुत्रा आला आणि आपल्या कुत्र्याने झेप घेतली, तर मनगट किंवा खुबा मोडायला एक क्षण पुरतो. ठिसूळ हाडांच्या वयात खुब्याचे मोडणे म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. साखळीचे टोक मुठीत धरावे, वेळ आली तर सोडता येईल असे. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा पट्टा कुत्र्याच्या श्वासालाही बरा. पायांत घसरणाऱ्या चपला नकोत, खिशात फोन आणि मधुमेह असल्यास साखरेची पुडी असावी.

स्वयंपाकघरातले काही धोके येथेच नोंदवतो, कारण पथ्याच्या नावाखाली ते घरात शिरतात. शेजारच्या तासगावचे बेदाणे प्रत्येक घरी असतात. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. कांदा-लसूण घातलेला रस्सा त्याच्या रक्तपेशींना अपाय करतो. चॉकलेट नकोच. मधुमेही घरांत बिनसाखरेचे च्युइंगम किंवा गोड पदार्थ असतात, त्यांत झायलिटॉल हा घटक असेल, तर थोड्या प्रमाणातही कुत्र्याची साखर धोकादायकरीत्या खाली जाते. आणि आपल्या गुडघ्याची गोळी, मग ती आयबुप्रोफेन असो, डायक्लोफेनॅक असो वा साधी पॅरासिटामॉल, लंगडणाऱ्या कुत्र्याला आपल्या मनाने कधीही देऊ नये. जाता जाता मांजराबद्दल एक सूचना: लठ्ठ मांजराचे खाणे असे एकदम तोडू नये, उपासाने त्याच्या यकृतात चरबी साठून जीवावर बेतते. त्याचा हिशेब वेगळा, तो पशुवैद्यकांकडूनच करून घ्यावा.

वजन उतरण्याची गती आठवड्याला एक ते दोन टक्क्यांहून अधिक नसावी, असे सांगतात. म्हणजे सोन्यासाठी फार तर पाऊण किलो. प्रत्यक्षात ती त्याहून कमीच होती. दिवाळीनंतर सुरुवात केली, गुढीपाडव्याला मार्केट यार्डातला काटा ३४.५ दाखवत होता. मे महिन्यात नातवंडे आली आणि ८०० ग्रॅम परत चढले. जुलैच्या पावसात कोल्हापुरात चार-चार दिवस घराबाहेर पडता येत नाही. तेव्हा काटा हललाच नाही. आबा वैतागले. रंकाळ्याकाठी नंदीचे एक मंदिर आहे. हा नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, आणि ज्या दिवशी तो तळ्याला टेकेल त्या दिवशी प्रलय होईल, अशी कथा आहे. मावशींनी ती आबांना ऐकवली. “पुढं गहू, मागं तांदूळ, चालायचंच,” असे त्या म्हणाल्या. आबांनी वहीत सोन्याच्या वजनापुढे त्या दिवसापासून ‘गहू’ किंवा ‘तांदूळ’ असे लिहायला सुरुवात केली. पावसाच्या दिवसांत जिन्याखालच्या बोळातून दहा-दहा फेऱ्या, आणि घरभर लपवून ठेवलेले डब्यातले दाणे हुंगून शोधण्याचा खेळ, एवढ्यावर त्यांनी दोन महिने काढले.

आबांची साखर या काळात खाली आली. त्याचे श्रेय फेरीला द्यावे, की रात्री दुसरे ताट उरेनासे झाल्यामुळे त्यांच्याही पोटात जाणारी अर्धी चपाती कमी झाली याला, हे वेगळे काढता येत नाही. २०२० मध्ये स्वीडनमधील एका मोठ्या अभ्यासात असे आढळले, की ज्यांच्या कुत्र्याला मधुमेह आहे, अशा मालकांनाही टाइप २ मधुमेहाचा धोका अधिक असतो. एका घरातल्या सवयी दोन पायांच्या आणि चार पायांच्या माणसांना सारख्याच लागू होतात, असे मानायला जागा आहे.

दसऱ्याला सोन्या ३१.२ किलो भरला. रव्याला अजून सव्वा किलो कमी व्हायचे आहे, आणि पुढे दिवाळी आहे. फराळाचे डबे उंच फळीवर ठेवायचे, असे मावशींनी आताच ठरवले आहे. सोन्या आता टॉवरपासून निघून उद्यानापर्यंत जाऊन परत येतो, मध्ये एकदाच बसतो. रात्री साडेनऊची मूठ खाऊन झाली, की तो जिना चढून माडीवर आजींच्या खोलीत झोपायला जातो. आबांना गुडघ्यामुळे जिना जमत नाही. ते खालूनच “पोचलास काय रे?” असे विचारतात आणि वरून शेपटी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला, की दिवा मालवतात.